सारखे दिसणारे, अर्थाने वेगळे: जोडीतला नेमका शब्द निवडण्याची रीत

काही दिवसांपूर्वी एका निमंत्रणपत्रिकेचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला. नावे वगळून तो असा होता:

"आमच्या तीर्थरूपांच्या षष्ठ्यब्दीपूर्तीनिमित्त त्यांच्या अनुदित कवितांचे वाचन होईल. प्रतिथयश वक्ते त्यांचे कार्य विषद करतील. या सोहळ्याचे सुतोवाच थोरल्या ताईंनी त्यांच्या अपरोक्ष गेल्या वर्षीच केले होते. कार्यक्रमानंतर उपहाराची सोय केली आहे. कृपया उपहार आणू नयेत."

घरातल्या चार शिकलेल्या माणसांनी हा मजकूर वाचून बरोबर ठरवला होता. संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीलाही यातले बहुतेक शब्द खटकत नाहीत, कारण अनुदित, विषद, अपरोक्ष, उपहार हे सगळे खरेखुरे शब्द आहेत. चूक अक्षरांची नाही. शेजारचा शब्द आपल्या जागी येऊन बसला आहे. अशी चूक नजरेने सापडत नाही, ती क्रमाने शोधावी लागते. लोक आधी कोश उघडतात, तिथे तो शब्द दिसला की हुश्श करतात आणि फसतात. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

तयारी

तीन गोष्टी हाताशी ठेवा. पहिली, एक वही किंवा फाइल. शंकेच्या प्रत्येक जोडीसाठी एक ओळ, आणि त्या ओळीत शब्द, अर्थ व एक छोटे वाक्य. दुसरी, शुद्धलेखनाचे नियम. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम दोनचार पानांत मावतात, त्यांची छापील प्रत जवळ असू द्या. तिसरी, दोन कोश. मराठीसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा इंग्रजीत अर्थ देणारा मोल्सवर्थ, आणि संस्कृतसाठी वामन शिवराम आपटे यांचा. आता घरी जाडजूड खंड असण्याची गरज नाही, हे सगळे इंटरनेटवर शोधता येतात.

मोबाइलवर लिहीत असाल तर कीबोर्डने आपोआप शब्द सुचवण्याची सोय तपासणीपुरती बंद करा. तुम्ही 'अनूदित' लिहायला जाता आणि तो तुमच्यादेखत दुसराच शब्द पुढे करतो.

टप्पा १ : शंकेचे शब्द फक्त वेगळे काढा

पहिल्या वाचनात काहीही दुरुस्त करू नका. पेन्सिलीने नुसती खूण करा. दुरुस्त करत वाचले की लक्ष एका शब्दावर अडकते आणि पुढच्या ओळीतला निसटतो.

खूण कुठे करायची हे कळायला धोक्याच्या जागा ठाऊक हव्यात. वेलांटी आणि उकार ही पहिली: दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, बापुडा, द्विप म्हणजे हत्ती आणि द्वीप म्हणजे बेट. दुसरी जागा श, ष, स यांची: सकल म्हणजे सगळे, शकल म्हणजे तुकडा. दोन्ही उलट टोकांचे शब्द आणि मधे एवढासा फरक. तिसरी ऋ आणि र यांची. ऋजू म्हणजे सरळ, सौम्य. रुजू म्हणजे कामावर हजर. 'नवे अधिकारी ऋजू झाले' असे बातमीत छापून आले तर अधिकाऱ्यांचा स्वभाव बदलला, असा त्याचा अर्थ होतो. चौथी, काना. प्रसाद हातावर मिळतो, प्रासाद म्हणजे राजवाडा. कृपण कंजूष, कृपाण तलवार. पाचवी जागा अक्षरांच्या अदलाबदलीची, आणि वेगाने वाचणाऱ्याला तीच सर्वांत जास्त चकवते: जठर म्हणजे पोटातला अवयव, जरठ म्हणजे म्हातारा; परिणाम आणि परिमाण; वर्ण आणि व्रण, म्हणजे जखम.

जोडाक्षरांकडेही एक नजर टाका. स्रोत म्हणजे प्रवाह, उगम. स्तोत्र देवाचे. या दोघांच्या मधे 'स्त्रोत' असा तिसराच शब्द लोकांनी तयार केला आहे, त्याला काही अर्थ नाही.

तपासा: एका पानाच्या मजकुरात एकही खूण झाली नसेल तर वाचन घाईत झाले आहे. उद्या पुन्हा वाचा.

टप्पा २ : तुम्हाला काय म्हणायचे आहे ते साध्या मराठीत लिहा

कोश अजून उघडायचा नाही. खूण केलेल्या शब्दासमोर तुमच्या मनातला अर्थ घरगुती भाषेत लिहा. 'विषद करतील' समोर 'नीट उलगडून सांगतील'. 'अपरोक्ष' समोर 'त्यांना न कळता, पाठीमागे'. 'उपहार' समोर 'चहा-फराळ'.

मजकूर दुसऱ्याचा असेल तर हा टप्पा लिहिणाऱ्याला विचारूनच करा, अंदाजाने नको. त्या पत्रिकेतल्या 'अनुदित कविता' वाचून मला वाटले, कुठे प्रसिद्ध न झालेल्या, वहीतच राहिलेल्या कविता असाव्यात. फोन करून विचारले तेव्हा कळले की वडिलांनी कन्नडमधून मराठीत आणलेल्या कविता होत्या. न विचारता हात लावला असता तर मी 'अप्रकाशित' असा शब्द घालून मोकळा झालो असतो आणि त्या माणसाचे अनेक वर्षांचे अनुवादाचे काम पत्रिकेवरून पुसले गेले असते.

सावधान: अर्थ लिहिताना तोच शब्द पुन्हा वापरू नका. 'विषद म्हणजे विषद करून सांगणे' असे लिहिले की टप्पा झाला असे वाटते, पण काहीच झालेले नसते.

टप्पा ३ : शब्दाची फोड करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निम्म्याहून अधिक गोंधळ इथेच सुटतो आणि एकदा फोड कळली की तो शब्द जन्मभर चुकत नाही.

'विषद' घ्या. विष + द. जसा जलद म्हणजे जल देणारा मेघ, तसा विषद म्हणजे विष देणारा. वक्ते कार्य 'विषद' करणार असतील तर कठीणच आहे. स्पष्ट, स्वच्छ या अर्थाचा शब्द विशद, शहाळ्यातल्या श चा.

'उपहार' म्हणजे भेट, नजराणा. फराळासाठी उप + आहार, दोन अ-आ एकत्र येऊन उपाहार. मुख्य जेवण नव्हे, जोडीचा, हलका आहार. म्हणून उपाहारगृह. काना गेला की तिथे भेटवस्तू मिळतात असा अर्थ होतो. किती पाट्यांवरचा हा काना गळला आहे ते एकदा एसटी स्टँडवर उभे राहून पाहा.

'परोक्ष' मध्ये अक्ष म्हणजे डोळा आहे. डोळ्यांपलीकडचे ते परोक्ष. त्याला नकाराचा अ लागला की अपरोक्ष, म्हणजे डोळ्यांसमोरचे, प्रत्यक्ष. वेदान्तात अपरोक्षानुभूती म्हणतात ती प्रत्यक्ष अनुभूतीच. म्हणजे 'माझ्या अपरोक्ष हे घडले' याचा नेमका उलटा अर्थ होतो. मात्र बोलण्यात हा उलटा अर्थ इतका मुरला आहे की 'परोक्ष' बरोबर लिहिले तरी वाचणारा दुसरीच समजूत करून घेतो. म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही टाळावेत आणि 'पाठीमागे', 'गैरहजेरीत' असे लिहावे. जिथे वाचणारा अडखळणार हे माहीत आहे, तिथे शुद्ध शब्दाचा हट्ट धरून उपयोग नाही.

'सुतोवाच' मध्ये सुत म्हणजे मुलगा शिरला आहे. पुराणे सांगणारा तो सूत. नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना कथा सांगताना 'सूत उवाच', म्हणजे सूत म्हणाले, अशी सुरुवात होते. त्यावरून एखाद्या गोष्टीची पहिली वाच्यता करणे म्हणजे सूतोवाच. उकार दुसराच.

'प्रतिथयश' ची फोड करायला गेलात तर हातात 'प्रतिथ' उरतो, आणि असा शब्दच नाही. प्रथित म्हणजे प्रसिद्धी पावलेले. प्रथित + यश, प्रथितयश.

आता अनुदित. इथे दोन वेगळ्या फोडी आहेत. अन् + उदित म्हणजे न उगवलेला किंवा न बोललेला; त्याचा अनुदित होतो. अनु + उदित म्हणजे मागून बोललेला, अनुवाद केलेला. इथे उ आणि उ एकत्र येऊन ऊ होतो, म्हणून अनूदित. तो दीर्घ ऊ हीच दोन उकार मिसळल्याची खूण आहे.

सावधान: नकाराचा 'अन्' आणि पाठोपाठचा 'अनु' यांची गल्लत फार होते. सोपी कसोटी म्हणजे 'अनु' काढून पाहणे. अनुत्तीर्ण मधून अनु काढला तर 'त्तीर्ण' उरतो, तो शब्द नव्हे, म्हणजे फोड अन् + उत्तीर्ण. पण ही कसोटी आंधळेपणाने लावू नका. अनुदार मधून अनु काढला तर 'दार' उरते, आणि दार हा शब्द आहे. तरीही फोड अन् + उदार अशीच आहे, कारण अर्थ 'उदार नसलेला' असा आहे. टप्पा २ मध्ये लिहून ठेवलेला अर्थ इथे कामी येतो.

षष्टी आणि षष्ठी

ही जोडी फोडीला थोडी अवघड आहे, आणि साठीच्या पत्रिकांमध्ये चूक ठरलेली, म्हणून वेगळी सांगतो. षष्टी म्हणजे साठ. षष्ठी म्हणजे सहावी. चंपाषष्ठीला जेजुरीत भंडारा उधळला जातो ती मार्गशीर्षातली सहावी तिथी. 'षष्ठ्यब्दी' लिहिले की सहाव्या वर्षाशी नाते जुळते, साठाशी नाही. चुकीचे मूळ आपल्या 'साठ' शब्दात आहे. साठ मध्ये ठ असल्यामुळे षष्टीतही ठ असावा असे वाटते.

लक्षात ठेवायला संस्कृतच्या संख्या पाहा: विंशती, षष्टी, सप्तती, नवती. या दशकांच्या शेवटी 'ती' येते, आणि षष्टीत तिच्याआधी ष आल्यामुळे तिची 'टी' झाली. याउलट क्रम सांगणारे चतुर्थी, षष्ठी हे थ-ठ वाले. चतुर्थीतला थ आठवा, षष्ठीतला ठ आपोआप आठवेल. पत्रिकेत षष्ट्यब्दीपूर्ती हवे.

टप्पा ४ : तत्सम की मराठी, हे ठरवा

वेलांटी-उकाराचा नियम लावण्याआधी शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे की मराठीत येताना बदलला आहे, हे ठरवावे लागते. दाते-कर्वे यांच्या कोशात नोंदीच्या अखेरीस व्युत्पत्ती असते, ती पाहा.

मराठी झालेल्या अकारान्त शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ: सूत (धागा), सूर (आवाज), शीर (रक्तवाहिनी). तत्सम शब्दात मूळ असेल तसे: सुत (मुलगा), सुर (देव), शिर (डोके). इथवर सोपे आहे. गोंधळ प्रत्यय लागला की सुरू होतो. मराठी शब्दातला दीर्घ स्वर प्रत्ययापूर्वी ऱ्हस्व होतो: सूत पण सुताचा, सूर पण सुरात, शीर पण शिरेतून. तत्सम शब्दातला दीर्घ तसाच राहतो. त्यामुळे पुराण सांगणाऱ्या सूताचा शब्द 'सूताचा', धाग्याचा गुंडा मात्र 'सुताचा', आणि मुलाचाही 'सुताचा'. 'सुरांचा राजा' म्हणजे इंद्र की गवई, हे नुसत्या अक्षरांवरून कधीच कळणार नाही. अशा ठिकाणी संदिग्धता राहू देऊ नका, शब्दच बदला.

दुसरी गुंतागुंत शब्दाच्या शेवटच्या वेलांटीची. संस्कृत कवि, गुरु, पाणि हे शब्द सुटे लिहिताना मराठीत दीर्घ होतात. म्हणजे हात या अर्थाचा पाणि सुटा लिहिला तर नियमाने 'पाणी' होतो आणि नळाच्या पाण्यात मिसळून जातो. समासात पहिला आला तरच त्याची ऱ्हस्व वेलांटी टिकते. म्हणून विवाहातले पाणिग्रहण ऱ्हस्व आणि नगरपालिकेचा पाणीपुरवठा दीर्घ. लग्नपत्रिकेत 'पाणीग्रहण' लिहिले की वर-वधू पाणी भरायला निघाले.

तपासा: समासातला पहिला शब्द संस्कृत आणि ऱ्हस्व आहे का? गुरुदक्षिणा, कविमन, पाणिग्रहण या ओळीत तो बसतो का ते पाहा.

टप्पा ५ : आता कोश

आधी मराठी कोश, मग संस्कृत. आणि जोडीतले दोन्ही शब्द शोधायचे, एक सापडला म्हणून थांबायचे नाही.

जुन्या कोशांत लेखन जुने असते. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ सालची आणि दाते-कर्वे यांचे मुख्य खंड १९३२ ते १९३८ मधले, म्हणजे दोन्ही १९६२ च्या नियमांच्या आधीचे. तिथे 'कवी' न मिळाल्यास 'कवि' शोधा, 'नाव' न मिळाल्यास 'नांव'. शब्द सापडला नाही म्हणून तो नाहीच, असे ठरवू नका.

सावधान: संस्कृत कोशातला अर्थ मराठीत चालतोच असे नाही. शिक्षा म्हणजे संस्कृतात शिकवण, मराठीत दंड. 'यथातथा' मराठीत जेमतेम, बेताचे या अर्थी येतो. वास्तवाला धरून असलेले ते यथातथ्य. एखाद्या चित्राचे कौतुक करताना 'यथातथा चित्रण' लिहिले तर चित्रकार दुखावणारच. मराठी आणि संस्कृत कोशांचे जमत नसेल तिथे मराठी कोशाचे ऐका.

टप्पा ६ : सोबतचे क्रियापद आणि प्रत्यय पाहा

प्रत्येक शब्दाची आपली सोबत ठरलेली असते. उपहार देतात, उपाहार घेतात. आव्हान देतात किंवा स्वीकारतात, आवाहन करतात. रुजू होतात, ऋजू असतात. निदान वैद्य करतो. निधान म्हणजे ठेवा, तो सापडतो किंवा लाभतो.

जोडीतला दुसरा शब्द वाक्यात घालून पाहा. वाक्य मोडले तर बरे. वाक्य न मोडता अर्थच उलटला, तर तिथे दुप्पट लक्ष द्या. असा सर्वांत वाईट जोड म्हणजे प्रवृत्त आणि परावृत्त. प्रवृत्त म्हणजे एखाद्या गोष्टीकडे वळवलेला, परावृत्त म्हणजे मागे फिरवलेला. यांना पकडायचे ते प्रत्ययावरून: 'करण्यास प्रवृत्त', 'करण्यापासून परावृत्त'. 'तरुणांना व्यसनापासून प्रवृत्त केले' असे वाक्य दिसले की 'पासून' वर बोट ठेवा, चूक तिथेच ओरडते.

टप्पा ७ : एकेक बदल, मग अक्षरवाचन

दुरुस्ती करताना 'शोधा आणि सगळीकडे बदला' ही सोय वापरू नका. त्या पत्रिकेच्या दुसऱ्या प्रुफात नेमके हेच झाले. मी 'उपहाराची' च्या जागी 'उपाहाराची' अशी खूण केली होती. टाइप करणाऱ्याने वेळ वाचवायला मजकुरातले सगळे उपहार एका झटक्यात बदलले, आणि शेवटची ओळ झाली: 'कृपया उपाहार आणू नयेत'. पाहुण्यांना घरून डबा आणू नका असे सांगितल्यासारखे. पहिला उपहार चुकीचा होता, दुसरा अगदी बरोबर.

शेवटचे वाचन दोघांनी करा. एकाने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून जायचे. नुसते मोठ्याने वाचून भागत नाही, कारण विशद आणि विषद कानाला सारखेच लागतात. म्हणून शंकेच्या शब्दापाशी थांबून अक्षर सांगा: 'विशद, शहाळ्यातला श, पोटफोड्या नाही', 'सूतोवाच, स ला दुसरा उकार', 'षष्ट्यब्दी, टपालातला ट'. घरी दुसरे कोणी नसेल तर शेवटच्या शब्दापासून उलटे वाचत या. वाक्याचा ओघ तुटला की डोळे अक्षराकडे नीट पाहतात.

त्या पत्रिकेचा तिसरा आणि शेवटचा मजकूर असा छापायला गेला:

"आमच्या तीर्थरूपांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त त्यांच्या अनूदित कवितांचे वाचन होईल. प्रथितयश वक्ते त्यांचे कार्य विशद करतील. या सोहळ्याचे सूतोवाच थोरल्या ताईंनी त्यांच्या पाठीमागे गेल्या वर्षीच केले होते. कार्यक्रमानंतर उपाहाराची सोय केली आहे. कृपया भेटवस्तू आणू नयेत."

शेवटच्या ओळीत 'उपहार' ठेवला असता तरी चालले असते. पण वरच्याच ओळीत उपाहार असताना वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये, म्हणून घरच्यांना विचारून तो शब्द बदलला.